गाडीचा एसी मध्येच कोमट होतो : गॅस भरायच्या आधी काय काय तपासायचं?

कापूरबावडी_जंक्शन

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. एसी हाताने फिरवायच्या नॉबचा, कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) साधा क्लचवाला, गॅस आर-१३४ए. तक्रार अशी: सकाळी निघताना एसी झकास. कापूरबावडीवरून घोडबंदर रोडला लागून मानपाडा, पातलीपाडा असं रांगत गेलं की अर्ध्या तासात हवा कोमट. ब्लोअरचा जोर तसाच, वास नाही, आवाज नाही, इंजिनाचा काटा मध्यावर. गाडी बंद करून थोडी निवू दिली की पुन्हा गार. कधी कधी चालत्या गाडीतच आपोआप परत येतो.

गॅरेजात उत्तर ठरलेलं, "गॅस कमी आहे, मारून टाकू." एकदा मारूनही झालाय, वजनकाटा न लावता, नुसता गेजवर बघून. फरक शून्य. मल्टिमीटर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) घरी आहे, मॅनिफोल्ड गेज (गॅसचा दाब मोजायचा) मिळवता येईल. कुठल्या क्रमाने जावं?

नट_बोल्ट

गॅस कमी असलेली गाडी सकाळपासूनच रडतखडत गार करते आणि क्लच दर काही सेकंदांनी टक-टक लागतो-सुटतो. थंड इंजिनावर उत्तम, गरम इंजिनावर बंद, हे लक्षण त्यात बसत नाही.

मधूनमधून येणाऱ्या दोषात मोजमाप घ्यायचं ते एसी रुसलेला असतानाच. गॅरेजात पोचून आपला नंबर लागेपर्यंत गाडी निवते, गेज सगळं ठीक दाखवतो, आणि मग काहीतरी केलं पाहिजे म्हणून गॅस मारला जातो. तेव्हा हवा कोमट झाली की गाडी कडेला घ्या, इंजिन आणि एसी चालूच ठेवा, बॉनेट उघडा. गळ्यातलं ऑफिसचं आयकार्ड आधी काढून ठेवा, पट्टा आणि पंखा दोन्ही तिथेच असतात.

आधी बघायचं ते कॉम्प्रेसरच्या पुलीचं तोंड. बाहेरची पुली पट्ट्याबरोबर कायम फिरणारच, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिच्या पुढ्यातली गोल प्लेट, जिच्या मधोमध बोल्ट असतो, ती फिरतेय की थांबलीय? क्लच लागला की हीच पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरतो. मग कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा चालू आहे का ते बघा. शेवटी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून) आत जाणारे दोन ॲल्युमिनियमचे पाइप हाताने चाचपा. जाड पाइप गार आणि घामेजलेला असायला हवा, बारीक पाइप गरम.

प्लेट थांबलेली असेल तर प्रश्न विजेचा, क्लचचा किंवा कुठल्यातरी कट-ऑफचा. प्लेट फिरतेय, जाड पाइपही थंडगार, तरी आत हवा कोमट, तर डॅशबोर्डच्या आतला, गरम-गार हवा वळवणारा पडदा. प्लेट फिरतेय आणि जाड पाइप कोमट, तेव्हा मात्र गेज काढायचा. हवेचा जोरच पडत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तुमचा जोर टिकून आहे म्हणता, म्हणजे ते बहुधा नाही.

तीनहात_नाका

रांगत्या ट्रॅफिकमध्ये कोमट म्हटल्यावर माझा पहिला संशय पंख्यावर. पुष्कळ गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात. एसी चालू करताच मंद वेग लागला पाहिजे, आणि हाय साइडचा (कॉम्प्रेसरच्या पुढच्या, जास्त दाबाच्या बाजूचा) दाब साधारण २२० पीएसआयच्या आसपास गेला की प्रेशर स्विच जोराचा वेग लावतो. मंद वेगाचा रेझिस्टर जळला तर पंखा आधी गप्प बसतो, दाब चढतो, मग अचानक भुर्रकन सुटतो, दाब उतरला की परत गप्प. आत बसलेल्याला वाटतं एसीच कधी गार, कधी कोमट होतोय. चालत्या गाडीत वारा लागतो म्हणून दोष लपतो. पाम बीच रोडला गार आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलला कोमट, असं असेल तर क्लचच्या आधी पंखा बघा.

याची सोपी परीक्षा म्हणजे हवा कोमट झाली की बाटलीभर साधं पाणी जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू ओता. मिनिटाभरात आतली हवा गार व्हायला लागली तर उष्णता बाहेर पडत नाहीये. मग पंखा, चोक झालेला कंडेन्सर किंवा जास्त भरलेला गॅस, या तिघांपैकी कुणीतरी. पाणी पंख्याच्या मोटरवर उडवू नका.

कापूरबावडी_जंक्शन

आज वाघबीळच्या पुढे हवा कोमट झाली. बघितलेलं:

पंखा चालू, मंद वेग एसी लावताच येतो. पुली फिरतेय, प्लेट थांबलेली. जाड पाइप कोमट, बारीकही जवळपास तसाच. एसीचा दिवा पेटलेला. पाणी ओतून काहीच फरक नाही.

मीटरवाली

प्लेटच थांबलीय म्हणजे पाण्याने फरक पडणार नव्हताच. आता मल्टिमीटर.

क्लचला जाणारी वायर एक किंवा दोन पिनांची असते. एक पिन असेल तर अर्थ कॉम्प्रेसरच्या बॉडीतून. प्लेट थांबलेली असताना, कनेक्टर जोडलेला ठेवूनच, मागून बारीक टाचणी सरकवून व्होल्टेज घ्या. कनेक्टर सोडून घेतलेलं माप फसवतं. गंजलेल्या रिलेतूनसुद्धा बिनलोडचे १३ व्होल्ट आरामात दिसतात आणि लोड लागताच ८ वर येतात.

व्होल्टेज अजिबात नाही? मग क्लच निर्दोष, मागे चालत जा. फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मिस्टर (कूलिंग कॉइलचं तापमान सांगणारा), ईसीयू (इंजिनाचा कंप्यूटर). बॉनेटखालच्या पेटीत एसीच्या आणि हॉर्नच्या रिलेचा नंबर सारखा असेल तर अदलाबदल करून बघा. प्रेशर स्विच साधारण २८ पीएसआयच्या खाली आणि ४५५ च्या वर क्लच तोडतो. ईसीयू स्वतःहूनही तोडतो: इंजिन फार तापलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, बॅटरीचं व्होल्टेज पडलं. गायमुखचा चढ चढताना छोट्या इंजिनाचा एसी क्षणभर सुटतो तो यामुळेच, त्याला दोष समजू नये.

व्होल्टेज बॅटरीइतकंच आहे आणि तरी प्लेट थांबलीय? मग क्लचची कॉइल (प्लेट ओढणारं चुंबक) किंवा प्लेट आणि पुलीतला गॅप. कॉइलचा रेझिस्टन्स दोनदा मोजा, थंड असताना आणि कोमट हवेच्या वेळी गरम असताना. साधारण ३ ते ४ ओम अपेक्षित. गरम असताना मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटतेय किंवा थर्मल फ्यूज गेलाय, कॉइल बदला.

बॅटरीचं प्लस आणि क्लचचं प्लस यांच्यातला फरकही बघा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. अर्थच्या बाजूला ०.२ च्या आत.

वागळे_वर्कशॉप

ताईंनी सगळं सांगितलं, गॅपचं मी सांगतो. हे काम इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून. प्लेट आणि पुली यांच्यातल्या फटीत फिलर गेजची पात घाला. बहुतेक छोट्या गाड्यांना ०.३ ते ०.६ मिमी चालतं, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये. एकाच जागी मोजून थांबू नका, १२०-१२० अंशांवर तीन ठिकाणी मोजा. तिन्ही मापांत बराच फरक आला तर प्लेट वाकलीय किंवा पुलीचं बेअरिंग खेळतंय, मग शिमचा (गॅप कमी-जास्त करायच्या पातळ चकतीचा) उपयोग नाही.

फटीत तेलकट काळा चिखल दिसला तर शाफ्टचा सील गळतोय. क्लच धुऊन चालू होईल, पण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा घसरेल.

काही जण लाकडी दांड्याने चालत्या इंजिनात प्लेट ढकलून बघतात. प्लेट लागली की गॅप वाढल्याचं कळतं खरं, पण दांडा पट्ट्यात गेला तर तोंडावर येतो. फिलर गेज असताना तो उद्योग कशाला?

कापूरबावडी_जंक्शन

मापं घेतली.

प्लेट थांबलेली असताना क्लचच्या वायरवर १३.१ व्होल्ट, त्याच वेळी बॅटरीवर १३.५. अर्थचा फरक ०.१. कॉइल सकाळी ३.५ ओम, कोमट झाल्यावर इंजिन बंद करून लगेच मोजली तर ४.५. गॅप तिन्ही ठिकाणी सारखा: ०.९ ची पात सरकते, १.० ची अडते. तेल नाही.

मीटरवाली

मिळालं उत्तर.

तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास वाढतो. ३.५ चे ४.५ झाले म्हणजे कॉइल तीस अंशांवरून शंभरच्या पुढेमागे पोचलीय. इंजिनाला चिकटून बसलेल्या भागाला यात काही विशेष नाही, कॉइल खराब नाही. पण करंट पावणेचार अँपिअरवरून २.९ वर आला. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणजे ती सुमारे ४० टक्क्यांनी पडली. आणि गॅप वाढला की ओढ गॅपच्या वर्गाने घटते. ०.५ च्या जागी ०.९ म्हणजे तिसरा हिस्सा. दोन्ही मिळून थंड, नव्या क्लचच्या मानाने पाचवा हिस्सा उरली. हिशेब ढोबळ आहे, लोखंडाचा विचार केलेला नाही, पण दिशा कळते.

अर्धा तास का लागतो तेही यातच आहे. सकाळी थंड कॉइल ०.९ ची फट कशीबशी ओलांडते. एकदा प्लेट चिकटली की फट शून्य, धरून ठेवायला थोडा करंटही पुरतो. मग कूलिंग कॉइल गार झाल्यावर थर्मिस्टर क्लच सोडतो, जे रोजचंच आहे. पण पुन्हा ओढायच्या वेळी चुंबक तापलेलं, ओढ अपुरी, प्लेट बाहेरच. घोडबंदरच्या खड्ड्यात गाडी आदळली की प्लेट जरा हलते आणि पकडली जाते, म्हणून तुम्हाला "आपोआप" परत आल्यासारखं वाटतं. महापालिकेची अशीही सेवा.

तीनहात_नाका

वर्गाने घटते हे पटलं. पण गॅप मापात आणताच काम संपलं असं समजू नका. ह्या गाडीत वजन न करता गॅस मारलाय. जास्त दाबावर कॉम्प्रेसर फिरवायला क्लचला जास्त जोर लागतो, प्लेट घसरते, घासते, तापते, आणि गॅप आणखी वाढतो. शिम काढली आणि दाब तसाच ठेवला तर नवा गॅप टिकणार नाही.

सानपाडा_स्टेशन

गॅस जास्त की कमी हे घरीच कळतं की. रात्रभर उभी गाडी, इंजिन न लावता गेज जोडा. दोन्ही बाजू सारख्या येतात. ३० अंशाला ९५-९७ पीएसआय आलं म्हणजे गॅस बरोबर आहे.

वागळे_वर्कशॉप

नाही साहेब, इथेच अर्धी गॅरेजं फसतात. बंद गाडीचा दाब फक्त तापमान सांगतो. आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर १५० ग्रॅम असो की ५००, ३० अंशाला ९७, २५ ला ८२, ३५ ला ११४ असाच आकडा येणार. सिलिंडर भरलेला की तळाशी आलेला, हे दाबावरून कळत नाही तसंच हे.

त्या मापाचा उपयोग दोन गोष्टींना. आकडा तापमानाच्या मानाने कमी आला, समजा ३० अंशाला ६०, तर द्रव उरलाच नाही, गॅस खूपच कमी. आणि आकडा जास्त आला, ३० अंशाला ११५-१२०, तर आत हवा शिरलीय. व्हॅक्यूम न मारता नुसता टॉप-अप केलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. किंवा सिलिंडरमध्ये आर-१३४ए नव्हताच, भलतंच मिश्रण होतं. स्वस्त डब्यात हायड्रोकार्बन मिसळलेलं मिळतं. ते गार करतं, पण पेट घेतं. केबिनमध्ये कूलिंग कॉइल गळली तर काय होईल याचा विचार करा.

किती गॅस आहे हे ठरवायचा खरा मार्ग एकच: रिकव्हरी मशीनने सगळा काढायचा, वजन करायचं आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम तोलून परत भरायचे. छोट्या हॅचबॅकला बऱ्याचदा ३५० ते ५०० च्या दरम्यान काहीतरी असतं, पण दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नका, स्टिकर वाचा. ३०-४० ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी छोट्या सिस्टिमला जाणवतं. आणि गॅस हवेत सोडून देणाऱ्या गॅरेजात जाऊ नका. आर-१३४ए वातावरणाला कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो, शिवाय काढलेलं वजन कळलं नाही तर निदानाचा अर्धा पुरावा गेला.

चालू गाडीचं माप घ्यायचं तर असं: सावलीत, दरवाजे-काचा बंद, रिसर्क्युलेशन, ब्लोअर मध्यम, १५०० आरपीएम, दहा मिनिटं. बाहेर ३३-३५ अंश असताना लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणारी, कमी दाबाची) २५ ते ४० पीएसआय, हाय साइड १७५ ते २५० च्या आत. दोन्ही कमी तर गॅस कमी. दोन्ही जास्त तर गॅस जास्त, आत हवा, किंवा कंडेन्सर-पंखा. लो जास्त आणि हाय कमी तर कॉम्प्रेसर थकलाय. लो साइड शून्याकडे किंवा व्हॅक्यूमकडे जातेय तर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा) किंवा एक्स्पान्शन वॉल्व्ह (कूलिंग कॉइलआधी गॅसचा दाब उतरवणारं बारीक भोक) तुंबलाय. सुई आधी बरोबर, मग हळूहळू व्हॅक्यूमकडे, थोडं थांबलं की परत बरोबर, असं असेल तर आतलं पाणी वॉल्व्हच्या भोकात गोठतंय.

खारघर_सेक्टर

माझ्या गाडीत उलटं. शहरात काही त्रास नाही. एक्स्प्रेसवेला लागलं की तासाभरात ब्लोअर चारवर असूनही झरोक्यातून नुसती झुळूक. पाच-दहा मिनिटं एसी बंद ठेवला, ब्लोअर चालू, की जोर परत येतो आणि खाली भरपूर पाणी पडतं. क्लच, गॅस वगैरे सगळं बघून झालं म्हणतात. केबिन फिल्टर नवा आहे. कॉइल साफ केल्यावर हे सुरू झालं.

नट_बोल्ट

शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. कूलिंग कॉइलच्या पात्यांत एक बारीक थर्मिस्टर खोचलेला असतो. पात्याचं तापमान एक ते चार अंशांच्या दरम्यान आलं की तो क्लच सोडायला लावतो. साफसफाईत तो निघाला आणि परत भलत्या जागी, कडेला किंवा नुसता हवेत लटकत बसला, तर त्याला कॉइल गोठलीय हे कळतच नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कॉइलवर भरपूर पाणी धरतं, त्याचा बर्फ होतो आणि वाट बंद. शहरात थांबत-चालत त्याला वितळायला उसंत मिळते, हायवेला मिळत नाही.

ग्लोव्ह बॉक्स उतरवून बहुतेक गाड्यांत हात पोचतो. आधी जिथे खोचल्याची खूण दिसतेय, सहसा कॉइलचा सगळ्यात गार कोपरा, तिथेच पूर्ण आत बसवा. थर्मिस्टर स्वतः बरा आहे का बघायला ग्लासभर बर्फाच्या पाण्यात बुडवून ओम मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. पाणी कोमट होत जाईल तसे ओम सलग कमी व्हायला हवेत. मध्येच उडी मारली तर बदला. तोवर लांबच्या प्रवासात ब्लोअर एकवर ठेवू नका. कमी हवेत कॉइल लवकर गोठते.

खारघर_सेक्टर

थर्मिस्टर वायरच्या जुडीवर टेकून लोंबकळत होता. आत बसवला. लोणावळ्यापर्यंत जोर टिकला. धन्यवाद.

कोपरी_कॉलनी

आत पाणी गोठण्याचा मुद्दा पावसाळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून थोडं सविस्तर.

जुलैत ठाण्यात पाइप उघडून ठेवला तर ड्रायरमधली जलशोषक गोळी हवेतलं पाणी पिऊन बसते. कॉम्प्रेसरचं पीएजी तेलही पाणी ओढतं. म्हणून सिस्टिम उघडली की तोंडं लगेच टोपणाने किंवा टेपने बंद करायची, आणि कंडेन्सर किंवा कॉम्प्रेसर बदलला तर ड्रायर नवा. हल्ली तो कंडेन्सरच्या कडेलाच असतो, वेगळा मिळाला तर आतली पिशवी बदलता येते.

आता व्हॅक्यूम. तो फक्त हवा काढायला नसतो, पाणी उकळून वाफेने बाहेर काढायला असतो. ३० अंशाला पाणी उकळायला दाब ४२ मिलिबारच्या खाली जावा लागतो. आपण समुद्रसपाटीला आहोत, म्हणजे गेजवर व्हॅक्यूम साडेअठ्ठावीस इंच पाऱ्याच्या पुढे गेल्याशिवाय पाणी हलतच नाही. जुन्या पंपाची सुई २८ वर थांबते, मेकॅनिक अर्धा तास चहा पितो, पाणी जिथल्या तिथे. २९.५ च्या पुढे, जमलं तर मायक्रॉन गेजवर (खोल व्हॅक्यूम मोजणाऱ्या) ५०० च्या खाली न्या, आणि पावसाळ्यात पंप तासभर चालू द्या. मग वॉल्व्ह बंद करून वीस मिनिटं थांबा. सुई सरकत शून्याकडे आली तर गळती, थोडीशी हलून एका जागी स्थिरावली तर पाणी अजून आहे.

गळती शोधायला कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटर लावून, १५० पीएसआयच्या आसपास, आणि साबणाचा फेस. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. कॉम्प्रेस्ड हवाही नको, ती ओलावा भरते. खाडीकाठच्या गाड्यांत कंडेन्सरचा खालचा भाग आधी तपासा. चिखल आणि खारी हवा तिथे साठून ॲल्युमिनियम टोचल्यासारखं होतं.

सानपाडा_स्टेशन

बंद गाडीच्या दाबाचं समजलं, मान्य. मग गळती बंद करणारं लिक्विड टाकलं तर?

वागळे_वर्कशॉप

टाकू नका. ओलावा लागताच ते घट्ट होतं. एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये झालं तर वॉल्व्ह गेला, रिकव्हरी मशीनमध्ये झालं तर पुढच्या वेळी गॅरेजवाला तुमची गाडी दारातूनच परत पाठवेल. त्यापेक्षा यूव्ही डाय (टॉर्चखाली चमकणारा रंग) टाका आणि आठवड्याने निळ्या टॉर्चने बघा.

मीटरवाली

धागा वाचणाऱ्या इतर गाड्यांसाठी दोन गोष्टी. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचच नसतो, व्हेरिएबल कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला कंट्रोल वॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो. तिथे प्लेट थांबली का हा प्रश्नच नाही. पुलीतला सुरक्षेचा भाग तुटून पुली एकटीच फिरत असेल तेवढं बघा, बाकी स्कॅनरवर वॉल्व्हला जाणारा सिग्नल आणि दाब एकत्र वाचावे लागतात. गॅरेजवाला "क्लच लागत नाही" म्हणाला तर दुसरं गॅरेज.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत कॉम्प्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतो, नारिंगी वायरला हात लावायचा नाही, आणि तेल साधारण पीओई असतं. त्यात पीएजी मिसळलं तर कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन बिघडतं.

तीनहात_नाका

पडद्याचंही सांगून टाकतो. जाड पाइप थंडगार आणि हवा कोमट, तर नॉबच्या गाडीत केबल क्लिपमधून सुटलेली असते, ऑटोमॅटिकमध्ये छोट्या मोटरचा प्लॅस्टिकचा दाता तुटतो आणि डॅशबोर्डमधून टिक-टिक आवाज येतो. एका बाजूचा झरोका गार, दुसऱ्या बाजूचा गरम, हीही तीच खूण, पण गॅस कमी असतानाही कॉइल अर्धीच गार होऊन असं होतं. म्हणून आधी पाइप चाचपा.

आणि उंदीर! सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये क्लचची आणि प्रेशर स्विचची वायर त्यांची आवडती. अर्धवट कुरतडलेली वायर कोरड्यात चालते, पावसात नाही.

कापूरबावडी_जंक्शन

काम झालं, आकडे देतो.

रिकव्हरीत ५२० ग्रॅम निघाला. स्टिकरवर ४००. काढण्याआधी १५०० आरपीएमला लो ५२, हाय ३१०, पंखा चालू असताना.

प्लेट: वरचा पट्टा सैल करून पुली धरली, मधला बोल्ट सोडला, प्लेट सरळ बाहेर. शाफ्टच्या टोकावर तीन शिम होत्या: ०.५, ०.३, ०.१. शेवटच्या दोन काढल्या, ०.५ ची ठेवली. बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कने. गॅप आता तिन्ही ठिकाणी ०.५. प्लेट हाताने फिरवली तर पुलीला घासत नाही.

व्हॅक्यूम तासभर, वीस मिनिटांत सुई हलली नाही. ४०० ग्रॅम काट्यावर. मशीनने काढलेलं तेल मोजून तेवढंच परत. बाहेर ३३ अंश, लो ३४, हाय २०५, मधल्या झरोक्यात १० अंश. दुपारी घोडबंदरला तास-दीड तास रांगलो, क्लच सुटतो आणि लागतो.

काढलेल्या शिम पाहिल्या, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. प्लेटच्या घासणाऱ्या तोंडावर निळसर डाग आहेत. चालेल?

वागळे_वर्कशॉप

निळसर म्हणजे ती घसरून तापलेली आहे. वाकली नाही तोवर चालेल, पण आता शिममध्ये जागा फार उरली नाही. दर सहा महिन्यांनी गॅप बघा, ०.७ झाला की प्लेट, पुली आणि कॉइलचा सेटच घ्या. कॉम्प्रेसर बदलायची गरज नाही, कुणी म्हणालं तर ऐकू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारताना गाडीचं मॉडेल सांगून थांबू नका, कॉम्प्रेसरच्या बॉडीवरचा नंबर आणि पुलीच्या खाचा मोजून न्या. एकाच मॉडेलला दोन वेगळे कॉम्प्रेसर आलेले असतात.

कापूरबावडी_जंक्शन

नंबराचा फोटो काढून ठेवला. खाचा पाच.